टीव्हीच्या आवरणापासून उलथण्यापर्यंत: काळ्या प्लास्टिकच्या एका प्रकरणाचा अभ्यास

२०२४ च्या उत्तरार्धात ‘केमोस्फिअर’ या संशोधन नियतकालिकात काळ्या प्लास्टिकविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि काही आठवड्यांतच तो जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचला. अमेरिकेतील ‘टॉक्सिक-फ्री फ्युचर’ ही संस्था आणि ॲमस्टरडॅममधील विद्यापीठीय संशोधक यांनी मिळून अमेरिकी बाजारातील काळ्या प्लास्टिकच्या २०३ घरगुती वस्तू तपासल्या होत्या. त्यांत स्वयंपाकघरातील उलथणी आणि चमचे, खेळणी, केसांना लावायच्या वस्तू आणि खाद्यपदार्थांचे ट्रे होते. प्रथम क्ष-किरणांच्या उपकरणाने प्रत्येक वस्तूतील ब्रोमीन मोजण्यात आले आणि ज्यांत ते दशलक्षांत ५० भागांहून अधिक आढळले, अशा २० वस्तूंचे प्रयोगशाळेत सविस्तर विश्लेषण झाले. त्यांपैकी १७ वस्तूंमध्ये ज्वालारोधक रसायने सापडली. एका वस्तूत त्यांचे एकूण प्रमाण किलोमागे २२,८०० मिलिग्रॅमपर्यंत गेले होते. सुशी ठेवण्याच्या एका ट्रेमध्ये डेकाब्रोमोडायफेनिल ईथर, म्हणजे या क्षेत्रात ‘डेकाबीडीई’ या नावाने ओळखले जाणारे रसायन, किलोमागे ११,९०० मिलिग्रॅम निघाले.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याच निबंधाला दुरुस्तीपत्र जोडावे लागले. संशोधकांनी असा अंदाज बांधला होता की, दूषित उलथणे वापरणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला ३४,७०० नॅनोग्रॅम डेकाबीडीई जाऊ शकते. या आकड्याची तुलना त्यांनी अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संदर्भ मात्रेशी केली. ही मात्रा, म्हणजे आयुष्यभर रोज शरीरात गेले तरी अपाय होण्याची शक्यता कमी मानले जाणारे प्रमाण, शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ७,००० नॅनोग्रॅम आहे. ६० किलो वजनाच्या माणसासाठी ७,००० गुणिले ६० म्हणजे ४,२०,००० व्हायला हवे होते, पण निबंधात ४२,००० छापले गेले. एका शून्याच्या फरकाने अंदाजित मात्रा संदर्भ मात्रेच्या ८० टक्क्यांहून वर गेलेली दिसत होती; प्रत्यक्षात ती सुमारे ८ टक्के होती. ही चूक कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जो श्वार्ट्झ यांनी जाहीरपणे दाखवून दिली. दुरुस्ती करताना आपल्या मूळ निष्कर्षावर तिचा परिणाम होत नाही, असे लेखकांनी नमूद केले.

यानंतर सार्वजनिक चर्चेत दोन टोके तयार झाली. पहिल्या लाटेत घरातील सगळी काळी उलथणी फेकून देण्याचा सल्ला दिला गेला होता. दुसऱ्या लाटेत मूळ आकडाच चुकला असल्यामुळे विषय संपला, असे सांगितले गेले. माझ्या मते या दोन्ही प्रतिक्रिया एकाच प्रश्नाभोवती फिरल्या: उलथण्यामुळे मला अपाय होईल का? तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागच्या आवरणात घालण्यासाठी बनवलेले रसायन अन्नाच्या ट्रेमध्ये आलेच कसे, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे आणि गुणाकाराच्या चुकीने त्याला धक्का लागलेला नाही. या प्रकरणाकडे आरोग्याच्या बातमीपेक्षा ई-कचऱ्याच्या वर्गवारीतील एका गळतीचा पुरावा म्हणून पाहिले, तर त्यातून बरेच काही शिकता येते. पुढील विवेचन त्या दृष्टीने केले आहे.

रसायन कोठून आले

जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्ही संचांची मागची आवरणे बहुधा ‘हिप्स’ या प्लास्टिकची असत. हिप्स म्हणजे रबर मिसळून आघात सोसण्याजोगे केलेले पॉलिस्टायरीन. ते स्वस्त असते, साच्यात सहज भरते, परंतु एकदा पेटले की जळत राहते आणि त्याचे पेटते थेंब खाली गळतात. आतमध्ये उच्च विद्युतदाब असलेल्या संचासाठी ही गोष्ट धोक्याची होती. म्हणून त्यात साधारणपणे १० ते १५ टक्के डेकाबीडीई आणि त्याच्या जोडीला सुमारे ४ टक्के अँटिमनी ट्रायऑक्साइड मिसळले जाई. डेकाबीडीईच्या रेणूत ब्रोमीनचे दहा अणू असतात आणि वजनाने त्याचा ८३ टक्के भाग ब्रोमीनच असतो. आग लागली की हे ब्रोमीन सुटे होते, अँटिमनीशी संयोग पावते आणि ज्वालेतील जी क्रियाशील मूलके, म्हणजे रेणूंचे सुटे तुकडे, ज्वलनाची साखळी पुढे चालवतात, त्यांना अडवते. या रसायनाने अनेक घरगुती आगी रोखल्या असतील, हे विसरून चालणार नाही. त्याच्या वापरामागे खरी गरज होती.

मात्र डेकाबीडीई प्लास्टिकच्या साखळीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. ते बारीक भुकटीच्या रूपात त्यात विखुरलेले असते. त्यामुळे ते धुळीत, तेलात आणि हळूहळू पर्यावरणात उतरते. प्रकाश आणि उष्णता यांच्या परिणामाने त्याचे काही ब्रोमीन अणू गळतात आणि कमी ब्रोमीन असलेली, सजीवांच्या शरीरात अधिक सहज साठणारी भावंडे तयार होतात. या कारणांमुळे निर्बंध टप्प्याटप्प्याने आले. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील पीबीडीई गटावर, म्हणजे डेकाबीडीई आणि त्याची ही भावंडे यांवर, १ जुलै २००६ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. डेकाबीडीईला त्यातून आधी सूट मिळाली होती, परंतु युरोपीय न्यायालयाने ती रद्द केल्यामुळे जुलै २००८ पासून तेही मर्यादेत आले. अमेरिकेतील प्रमुख उत्पादकांनी २०१३ च्या अखेरपर्यंत उत्पादन थांबवण्याचे मान्य केले. गटातील कमी ब्रोमीनची रसायने २००९ मध्ये आणि डेकाबीडीई २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत समाविष्ट झाले.

निर्बंध नव्या उत्पादनावर आले, जुने संच मात्र घराघरांत चालूच राहिले. टीव्ही दहा-पंधरा वर्षे टिकतो, त्यानंतर काही वर्षे माळ्यावर पडून राहतो आणि मग भंगारात येतो. बंदीच्या वेळी वापरात असलेला साठा त्यामुळे बंदीनंतरच्या दशकात पुनर्प्रक्रियेच्या दारात येऊन उभा राहिला. २०२४ साली तपासलेल्या वस्तूंत बंदी घातलेले रसायन सापडावे, यात कालगणनेची विसंगती मुळीच नाही.

प्रमाण काय सांगते

ज्वालारोधक रसायन वस्तूत मुद्दाम घातले गेले की मिश्रणातून आले, हे ओळखण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे त्याचे प्रमाण पाहणे. आग रोखायची असेल, तर डेकाबीडीई दहा टक्क्यांच्या आसपास लागते. सुशीच्या ट्रेमधील ११,९०० मिलिग्रॅम म्हणजे १.१९ टक्के. एवढ्या प्रमाणाने कोणतेही प्लास्टिक आगीपुढे टिकत नाही. शिवाय ट्रेला आगीपासून वाचवण्याचे कारणही नाही. हे रसायन इतक्या अर्धवट प्रमाणात कोणीही हेतूने घालणार नाही. ते दुसऱ्या प्लास्टिकबरोबर आले आणि मिसळताना पातळ झाले, हाच अर्थ त्यातून निघतो. टीव्हीच्या आवरणात ते १२ टक्के होते असे धरले, तर त्या ट्रेच्या प्लास्टिकमध्ये सुमारे दहावा हिस्सा अशा आवरणांचा असावा.

दुसरा पुरावा प्लास्टिकच्या जातीचा. हिप्स आणि एबीएस ही स्टायरीन गटातील प्लास्टिके उपकरणांच्या आवरणांसाठी वापरली जातात. तपासलेल्या वस्तूंपैकी स्टायरीन गटातील वस्तूंमध्ये ज्वालारोधकांचे प्रमाण पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉनच्या वस्तूंपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक निघाले. दूषितता जर स्वयंपाकघरातील धुळीतून किंवा साठवणुकीतून आली असती, तर ती प्लास्टिकची जात पाहून बसली नसती. तिसरा पुरावा अँटिमनीचा आहे: युरोपातील आधीच्या तपासण्यांत काळ्या ग्राहकवस्तूंमध्ये ब्रोमीन आणि अँटिमनी एकत्र सापडल्याचे वारंवार नोंदले गेले आहे आणि ही जोडी उपकरणांच्या आवरणांखेरीज फार थोड्या ठिकाणी आढळते.

हे पहिले निरीक्षण नव्हते, ही गोष्टही येथे नोंदवायला हवी. युरोपीय बाजारातील काळे थर्मास-कप आणि स्वयंपाकाची साधने यांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके असल्याचे २०१३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. २०१८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा साधनांतून तापलेल्या तेलात सरासरी सुमारे २० टक्के ज्वालारोधक उतरते, असे प्रयोगाने दाखवले. २०२४ च्या निबंधातील मात्रेचा अंदाज याच धाग्यावर आधारलेला होता. म्हणजे दहा-अकरा वर्षे पुरावा समोर होता आणि गळती चालूच राहिली होती.

निबंधाची बाजू आणि तिच्या मर्यादा

या निबंधातील दोन आकडे वाचताना सावध राहिले पाहिजे. ‘८५ टक्के वस्तूंमध्ये ज्वालारोधके’ हे वाक्य बातम्यांत फिरले, परंतु ती टक्केवारी २० निवडक वस्तूंची आहे आणि त्या २० वस्तू ब्रोमीन अधिक होते म्हणूनच निवडल्या होत्या. मूळ २०३ वस्तूंचा विचार केला, तर साधारण दहापैकी नऊ वस्तूंत ब्रोमीन उंबरठ्याच्या खाली होते. बाजारातील बहुतेक काळ्या वस्तू विषारी आहेत, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. दुसरे असे की, निबंधात डेकाबीडीईच्या प्रमाणाची तुलना युरोपीय संघाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमच्या मर्यादेशी केली आहे. ती मर्यादा मुख्यतः रसायनातील अनाहूत अंशासाठी आहे. वस्तू आणि मिश्रणांसाठी त्या वेळी पीबीडीई गटाची एकूण मर्यादा ५०० मिलिग्रॅम होती. या अधिक सौम्य मर्यादेने मोजले तरी तो ट्रे जवळजवळ २४ पट पुढे जातो. तेव्हा तुलनेची पट्टी बदलली, तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही.

मात्रेबाबतही थोडे थांबायला हवे. सुधारलेला ८ टक्क्यांचा आकडा आश्वासक आहे आणि घरातील प्रत्येक काळे साधन काढून टाकण्याची घाई त्यावरून समर्थनीय ठरत नाही. परंतु हा आकडा एका रसायनाचा, एका मार्गाचा आणि २००८ मध्ये ठरवलेल्या संदर्भ मात्रेच्या तुलनेत आहे. धूळ आणि आहार यांतून येणारा भाग त्यात मिळवलेला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये अन्नातील पीबीडीईचा फेरआढावा घेतला, तेव्हा आहारातून होणारा सध्याचा संपर्क आरोग्याच्या दृष्टीने चिंतेचा असण्याची शक्यता आहे, असाच निर्णय दिला. खेळणे तोंडात घालणाऱ्या लहान मुलाचा हिशेब ६० किलोच्या प्रौढाच्या हिशेबाने करता येत नाही, हे तर उघड आहे. दुरुस्तीपत्राने भीतीचे माप बरोबर केले आहे. अनावश्यक संपर्क टाळण्याचे कारण त्याने काढून घेतलेले नाही.

रंग काळाच का

उपकरणांची आवरणे पूर्वीपासून काळी किंवा गडद करडी असत. पुनर्प्रक्रियेत निरनिराळ्या रंगांचा चुरा एकत्र वितळला की मळकट करडा रंग येतो आणि त्यावर कार्बन ब्लॅक, म्हणजे औद्योगिक काजळी, घातली की एकसारखा काळा दाणा, म्हणजे नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल, मिळतो. त्यामुळे मिश्र भंगाराची स्वाभाविक वाट काळ्या दाण्याकडे जाते. याउलट घरगुती कचऱ्यातील काळे पॅकेजिंग स्वच्छ असूनही पुनर्प्रक्रियेत फारसे येत नाही, कारण वर्गवारीची यंत्रे निअर-इन्फ्रारेड किरणांचे परावर्तन वाचून प्लास्टिकची जात ओळखतात आणि कार्बन ब्लॅक ते किरण शोषून घेते. काळा तुकडा त्या यंत्राला दिसतच नाही. परिणामी पुनर्प्रक्रिया केलेल्या काळ्या दाण्याची मागणी भागवण्यासाठी जे भंगार सहज हाती येते, त्यात उपकरणांचा वाटा मोठा राहतो. ट्रे किंवा उलथणे बनवणाऱ्याने दाणा विकत घेताना त्याचा पूर्वेतिहास विचारला नसेल, तर साच्यात काय चालले आहे हे त्यालाही कळत नाही.

दाणा बनवण्याच्या टप्प्यावर हे रसायन आपोआप निघून जात नाही, हेही समजून घ्यायला हवे. हिप्स आणि एबीएस साधारण २०० ते २४० अंश सेल्सिअसला वितळवून गाळले जातात. डेकाबीडीई सुमारे ३०० अंशांपर्यंत वितळतही नाही. त्याची भुकटी इतकी बारीक असते की, धातूचे कण आणि लाकडाचे तुकडे अडवणाऱ्या जाळीतून ती सहज निघून जाते. उष्णतेने तिचा अल्प भाग विघटित होऊन ब्रोमीनयुक्त फ्युरान ही विषारी संयुगे तयार होण्याची शक्यता असते, म्हणजे या टप्प्यावर पदार्थ सुधारण्याऐवजी थोडा बिघडतोच. चूक दुरुस्त करायची असेल, तर ती वितळवण्याच्या आधी करावी लागते.

वर्गवारीच्या टाकीत

पुनर्प्रक्रिया केंद्रात उपकरणे फोडून त्यांचा चुरा केला जातो, चुंबकाने लोखंड आणि एडी करंटने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत निर्माण होणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या साह्याने, ॲल्युमिनियम-तांबे काढले जाते आणि उरलेला मिश्र प्लास्टिक चुरा पाण्याच्या टाक्यांत टाकला जातो. पहिल्या टाकीत साधे पाणी असते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, बाकीचे बुडते. दुसऱ्या टाकीतील द्रावणाची घनता मीठ किंवा खनिजाची भुकटी मिसळून दर घनसेंटिमीटरला १.०८ ते १.१० ग्रॅमच्या आसपास ठेवतात. साधे हिप्स १.०४ आणि साधे एबीएस १.०५ च्या जवळ असल्याने ते वर येते. डेकाबीडीई आणि अँटिमनी मिसळलेले हिप्स १.१५ च्या पुढे असल्याने ते तळाशी जाते. हलक्या थराचा दाणा होतो आणि जड थर वेगळा काढला जातो.

कागदावर ही पद्धत नेटकी आहे आणि चांगल्या केंद्रात ती खरोखर चांगले काम करते. गळती बारीक जागांतून होते. चुऱ्याच्या तुकड्याला हवेचा बुडबुडा चिकटला किंवा तुकड्याच्या पोकळीत हवा अडकली, की जड तुकडा वर तरंगतो. फेस आवरणाऱ्या रसायनाचे प्रमाण चुकले किंवा द्रावणाची घनता दिवसभरात वाढत गेली, की विभाजनाची रेषा सरकते. एकमेकांना चिकटलेले दोन जातींचे तुकडे सरासरी घनतेने वागतात. शिवाय जे प्लास्टिक आधीच एकदा दूषित झाले आहे, ज्यात ब्रोमीन अर्धा-एक टक्का आहे, त्याची घनता साध्या हिप्सपासून वेगळी ओळखता येण्याइतकी वाढलेली नसते. म्हणून पहिल्या फेरीत निसटलेले रसायन दुसऱ्या फेरीत टाकी पकडू शकत नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत काळजीची गोष्ट हीच आहे.

किती गळती पुरेशी होते, याचा हिशेब करून पाहू. एक आवरण २ किलोचे आणि त्यात डेकाबीडीई १२ टक्के धरले, तर त्यात २४० ग्रॅम रसायन आहे. असे एकच आवरण एक टन स्वच्छ चुऱ्यात मिसळले, तर संपूर्ण टनात किलोमागे २४० मिलिग्रॅम डेकाबीडीई होते. दोन आवरणांनी ४८०, तीन आवरणांनी ७२०. युरोपीय संघाने कचऱ्यातील पीबीडीईची जी सीमा ठरवली आहे, जिच्या वर गेलेला कचरा पुनर्प्रक्रियेत न नेता नष्ट करावा लागतो, ती जून २०२३ पासून ५०० मिलिग्रॅम, ३० डिसेंबर २०२५ पासून ३५० आणि ३० डिसेंबर २०२७ पासून २०० अशी उतरत जाते. म्हणजे पहिल्या सीमेत टनामागे दोन आवरणे चालत होती, दुसरीत एक चालते आणि तिसरीत एकही चालत नाही. हजार किलोंत दोन किलोंची चूक शोधायची आहे, हे लक्षात घेतले की वर्गवारी करणाऱ्या कामगाराकडून आणि यंत्राकडून आपण काय अपेक्षा करत आहोत, याची कल्पना येते. सुशीच्या त्या ट्रेमधील प्रमाणासाठी मात्र टनामागे जवळपास पन्नास आवरणे लागतात. तेथे बुडबुडा चिकटल्याची सबब चालणार नाही. तो चुरा बहुधा कधी टाकीत उतरलाच नव्हता.

मोजणीची पट्टी

क्ष-किरणांचे हातात धरायचे उपकरण, ज्याला केंद्रांत ‘एक्सआरएफ’ म्हणतात, काही सेकंदांत ब्रोमीन आणि अँटिमनी दोन्ही दाखवते आणि काळ्या रंगाने त्याची फसगत होत नाही. अडचण अशी की, ते मूलद्रव्य मोजते, रसायन ओळखत नाही. ब्रोमीन डेकाबीडीईचे आहे, टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए या अजून वापरात असलेल्या रसायनाचे आहे, की डेकाबीडीईच्या जागी आलेल्या डेकाब्रोमोडायफेनिल ईथेनचे आहे, हे त्याला कळत नाही.

युरोपीय मानकांनुसार एकूण ब्रोमीन दशलक्षांत २,००० भागांच्या खाली असेल, तर तो चुरा ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांपासून मुक्त केलेला समजला जातो. या उंबरठ्यामागील गृहीत असे की, चुऱ्यातील बहुतांश ब्रोमीन इतर रसायनांचे असते आणि पीबीडीईचा वाटा लहान असतो. मिश्र ई-कचऱ्यात ते साधारणपणे ग्राह्य आहे. परंतु एखाद्या लॉटमध्ये जुन्या टीव्हींचीच आवरणे असतील आणि सगळे ब्रोमीन डेकाबीडीईचे असेल, तर २,००० भागांचा उंबरठा किलोमागे २,४०० मिलिग्रॅम डेकाबीडीईला वाट देतो. वरच्या हिशेबात टनामागे दहा आवरणे. २०० मिलिग्रॅमची सीमा आल्यानंतर हा उंबरठा तेव्हाच पुरेसा ठरेल, जेव्हा ब्रोमीनमधील डेकाबीडीईचा वाटा साधारण ८ टक्क्यांच्या आत असेल. माझे स्पष्ट मत असे की, जुने टीव्ही आणि मॉनिटर ज्या केंद्रांत येतात, त्यांनी हा एकच उंबरठा सर्व लॉटना लावणे थांबवावे.

कोणत्या टप्प्यावर हे थांबवता आले असते

सर्वांत परिणामकारक जागा चुरा करण्याच्या आधीची आहे. संच हाताने उघडला जातो, तेव्हा आवरण अखंड असते, त्याची जात आणि वय कळते आणि बऱ्याचदा आतल्या बाजूला साच्यातच उमटवलेली खूण असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या खुणेत प्लास्टिकच्या जातीपुढे ‘एफआर’ आणि एक क्रमांक असतो: १८ किंवा १९ असेल तर पीबीडीई, १६ किंवा १७ असेल तर वलयी रचनेची (ॲरोमॅटिक) इतर ब्रोमीन संयुगे, ४० असेल तर हॅलोजनमुक्त, म्हणजे ब्रोमीन-क्लोरीनसारखी मूलद्रव्ये नसलेले, फॉस्फरस संयुग. खुणेवर पूर्ण विसंबता येत नाही, पण तिच्या जोडीला एक्सआरएफचा एक ठोका घेतला, तर दोन किलोचे एक अखंड आवरण काही सेकंदांत योग्य ढिगात जाते. तेच आवरण फोडल्यावर त्याचे शेकडो तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टाकीत स्वतंत्रपणे पकडावे लागते. सर्व उपकरणे एकत्र भरडणारी मोठी यंत्रे वेगाने माल काढतात, परंतु टीव्ही आणि मॉनिटर त्यांत थेट टाकण्याचा मोह आवरला पाहिजे.

दुसरी जागा दाणा विकताना आहे. प्रत्येक लॉटबरोबर त्याचे उगमस्थान आणि मोजलेले ब्रोमीन लिहून दिले, तर अन्नाशी किंवा मुलांशी संबंध येणाऱ्या वस्तूंचा उत्पादक तो माल नाकारू शकतो आणि तोच माल नव्या उपकरणांच्या आवरणांकडे वळवता येतो, जेथे त्याची तपासणी आणि मर्यादा ठरलेल्या आहेत. ई-कचऱ्यातील स्टायरीन प्लास्टिक अन्नाच्या संपर्कातील वस्तूंना वापरायचेच नाही, एवढा एक नियम काटेकोरपणे पाळला गेला असता, तरी २०२४ च्या निबंधातील ट्रे आणि उलथणी बातमीत आली नसती.

पुनर्प्रक्रियाच बंद करावी, असा निष्कर्ष काहींनी या प्रकरणावरून काढला. तो मला मान्य नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यात सुमारे १.७ कोटी टन प्लास्टिक होते आणि एकूण ई-कचऱ्यापैकी केवळ २२.३ टक्के कचरा नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेला. उरलेल्या भागाचे पुष्कळदा काय होते, हे उघड्यावर तारा जाळणाऱ्या जागांवर दिसते. ब्रोमीनयुक्त प्लास्टिक कमी तापमानाला उघड्यावर जळाले की ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात आणि ते श्वासात घेणारे लोक कोणत्याही निबंधातील ग्राहकापेक्षा कितीतरी अधिक मात्रा सोसतात. वर्गवारी सुधारण्याला पर्याय म्हणून पुनर्प्रक्रिया थांबवली, तर ओझे त्यांच्यावर जाईल.

वर्गवारी नीट झाली की जड थर वाढतो आणि त्याचा खर्च केंद्रावर येतो. येथेच सगळी व्यवस्था अडखळते. जड थरात ज्वालारोधक हिप्सबरोबर चांगले पॉलिकार्बोनेट आणि त्याचे एबीएसशी केलेले मिश्रणही बुडालेले असते, कारण त्यांची घनताही १.१ च्या वर आहे. फॉस्फरसवर आधारित ज्वालारोधक असलेले, ब्रोमीन नसलेले मालही तेथेच जातात. क्ष-किरणांच्या यंत्राने हा थर पुन्हा विभागला, तर त्यातून विकण्याजोगा भाग परत मिळतो आणि नष्ट करायचा भाग लहान होतो. जो भाग उरतो, तो हॅलोजन हाताळण्यासाठी बांधलेल्या भट्टीतच जाळावा लागतो. हॅलोजनचे प्रमाण अधिक असलेल्या धोकादायक कचऱ्यासाठी युरोपीय नियमाने किमान १,१०० अंश सेल्सिअस तापमान आवश्यक मानले आहे. प्लास्टिक द्रावकात विरघळवून ज्वालारोधक वेगळे काढण्याच्या पद्धती प्रयोगशाळेच्या पुढे आल्या आहेत आणि त्यांत पॉलिमर वाचतो, परंतु वेगळे काढलेले रसायन शेवटी नष्ट करावेच लागते. हा खर्च भंगार विकत घेणाऱ्या केंद्राने एकट्याने सोसावा, ही अपेक्षा धरली की जड थर गुपचूप हलक्या थरात मिसळण्याचे प्रलोभन निर्माण होते. नष्ट करण्याचा खर्च उपकरणांच्या उत्पादकांच्या जबाबदारीत स्पष्टपणे धरला गेला आणि केंद्राला जड थराच्या वजनावर पैसे मिळाले, तर हे प्रलोभन उरत नाही.

एक शेवटचा मुद्दा एकूण ब्रोमीनच्या मोजणीविषयी. आज भंगारात येऊ लागलेल्या सपाट पडद्यांच्या संचांत डेकाबीडीईऐवजी डेकाब्रोमोडायफेनिल ईथेन अनेक ठिकाणी आढळते. दोघांच्या रेणूंत फरक इतकाच की, दोन वलयांच्या मध्ये ऑक्सिजनऐवजी दोन कार्बनचा दुवा आहे; ब्रोमीनचे अणू तितकेच, दहा. डेकाबीडीईला लागू असलेल्या मर्यादा त्याला लागू नाहीत, म्हणून केवळ कायद्याने नाव घेतलेल्या रसायनाची प्रयोगशाळेत चाचणी करून लॉट सोडणारे केंद्र त्याला अडवणार नाही आणि आणखी दहा वर्षांनी ते ट्रेमध्ये सापडेल. एकूण ब्रोमीनवर वर्गवारी करणारे केंद्र ते आजच जड थरात टाकते. एक्सआरएफला रसायनांतील भेद कळत नाही, ही तक्रार वर मीच नोंदवली आहे. मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र देण्यासाठी ती उणीव खरी आहे, परंतु अन्नाच्या आणि खेळण्यांच्या दाण्यापासून ब्रोमीन दूर ठेवण्यासाठी उंबरठा काही शे भागांपर्यंत खाली आणून हेच उपकरण वापरणे, हा सध्या उपलब्ध असलेला सर्वांत जलद उपाय आहे.